विद्यापीठाची झोळी



माझें वास्तव्य पिंपळे गुरवला आहे. पवनेच्या अलीकडच्या तीरावर आमचें गांव आणि पलीकडच्या तीरावर कासारवाडीचें स्टेशन. ‘गांव’ हा शब्द मी केवळ जुन्या संवयीनें वापरतों. गुरवांचें नांव मिरविणाऱ्या या वस्तींत आज उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि बागेंत मुलांच्या करमणुकीसाठीं डायनोसोरांचे अजस्र पुतळे आहेत. पहांटे गॅलरींत उभें राहिलें कीं कारखान्यांच्या बसगाड्या कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून माणसें वेंचतांना दिसतात. त्या चाकणच्या दिशेनें जातात. उलट दिशेस मुळा ओलांडून औंधवरून गेलें, कीं दोन कोसांच्या आंतबाहेर गणेशखिंडीचें विद्यापीठ लागतें. एकीकडे कारखाने, एकीकडे विद्या, आणि आम्ही मधोमध राहतों.

आमच्या शेजारची एक मुलगी या बसगाड्यांपैकीं एकींतून कामावर जाते. तंत्रनिकेतनाची पदविका घेतल्यावर तिला चाकणला एका कारखान्यांत काम मिळालें. मागल्या महिन्यांत ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. कारखाना, एक विद्यापीठ आणि परदेशांतील एक शिक्षणसंस्था या तिघांनीं मिळून एक योजना आंखली होती. काम करतां करतां मुलीनें पदवीचा अभ्यास करावा. फी कारखान्यानें भरावी. कांहीं महिन्यांचें शिक्षण परदेशीं व्हावें. आणि पदवीनंतर कांहीं वर्षें तिनें त्याच कारखान्यांत काढावीं. योजना वाईट मुळींच नव्हती. पण मुलगी चतुर. तिनें विचारलें, “आजोबा, ही पदवी सरकारी नोकरीला चालेल का? आणि हा कारखाना सोडला, तर दुसरा कारखाना ती मानील का?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. पण त्या रात्रीं मीं पेटी उघडून माझ्या आत्याचा एक जुना कागद बाहेर काढला. माझी ही आत्या वडिलांची थोरली बहीण. कागदावर तिच्या नांवापुढें पदवी लिहिली आहे : गृहीतागमा. आजच्या किती श्रोत्यांस या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल, याची मला शंका आहे. जिनें आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली ती गृहीतागमा. महर्षि कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची ही पदवी बी. ए.च्या तोडीची मानलेली होती. तिच्या वरची प्रदेयागमा. शब्द मोठे सुंदर आहेत. पण आत्या हा कागद घेऊन एका शाळेंत नोकरी मागावयास गेली, तेव्हां तिला सांगण्यांत आलें कीं ही पदवी सरकारी यादींत नाहीं, सबब पदवीधराचा पगार देतां येत नाहीं. तिनें कमी पगारावर पुष्कळ वर्षें शिकविलें. शाळेचें नांव मी घेत नाहीं. शाळेचा त्यांत विशेष दोष होता असेंहि मला वाटत नाहीं. यादींत नव्हती, ही गोष्ट खरीच होती.

ती यादींत कां नव्हती, हें आज मला सांगावयाचें आहे. विद्यापीठाच्या चालकानें सरकार, उद्योगपति आणि परदेश या तिघांशीं संबंध कसा ठेवावा हा प्रश्न सध्यां वर्तमानपत्रांत वारंवार येतो. जणूं तो कालपरवांच उत्पन्न झाला. कर्व्यांपुढें तो शंभर वर्षांपूर्वीं उभा होता.

१९१५ सालच्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. तिचें अध्यक्षपद धोंडो केशव कर्वे यांजकडे आलें, तेव्हां त्यांना सत्तावन्न वर्षें पुरीं होऊन गेलीं होतीं. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी त्यांनीं आदल्याच वर्षीं सोडली होती. हिंगण्याचा आश्रम आतां आपल्या पायांवर उभा होता. सामान्य माणूस या वयांत अंगणांत खुर्ची टाकून बसतो. अध्यक्षीय भाषणासाठीं विषय शोधतांना त्यांना एका पुस्तिकेची आठवण झाली. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं ती धाडलेली होती. तिच्यांत टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची हकीगत होती. जिंझो नारुसे नांवाच्या गृहस्थांनीं १९०१ सालीं तें स्थापन केलेलें. पुस्तिका पहिल्यानें हातीं आली तेव्हां कर्व्यांनीं ती बाजूस ठेवून दिली होती. आतां त्यांनीं ती पुन्हां वाचली, आणि परिषदेंत हिंदुस्थानांतील स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली.

महिला विद्यापीठाला परदेशाकडून मिळालेलें हें पहिलें साहाय्य. त्यांत एक रुपया नव्हता, करारनामा नव्हता, कोणाची सहीहि नव्हती. बरें, जपानची नक्कलहि कर्व्यांनीं केली नाहीं. जपानांत विद्या जपानी भाषेंतच शिकवीत. त्यावरून कर्व्यांनीं एवढेंच घेतलें कीं आपल्या मुलींस आपल्या भाषेंत उच्च शिक्षण देतां येईल. त्या वेळच्या सरकारमान्य विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम इंग्रजी होतें. मुलगी इतिहास शिको वा तर्कशास्त्र शिको, तिचा निम्मा जीव परकी भाषेशीं झुंजण्यांत जाई. कर्व्यांनीं माध्यम मातृभाषा ठेविलें आणि इंग्रजी हा विषय म्हणून आवश्यक केला. गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषयहि त्यांनीं अभ्यासक्रमांत घातले. इंग्रजीची सक्ति गांधीजींना पसंत नव्हती. उलट मातृभाषेच्या माध्यमामुळें पदवी हलकी ठरेल असें म्हणणारे विद्वानहि पुष्कळ होते. कर्व्यांनीं दोघांचेंहि ऐकून घेतलें आणि आपला बेत होता तसाच ठेविला.

१९१६ च्या जूनमध्यें विद्यापीठाच्या सेनेटची पहिली सभा पुण्यास झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति झाले, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरु झाले. पाठशाळेंत आरंभीं विद्यार्थिनी किती? हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. विद्यापीठ आणि त्याच्या विद्यार्थिनी एकाच खोलींत मावतील अशी ती स्थिति पाहून पुण्यांतील टवाळांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

कर्वे स्वतः कुलगुरु झाले नाहींत. मोठ्या नांवाचीं माणसें त्यांनीं मोठ्या खुर्च्यांवर बसविलीं आणि झोळी स्वतःच्या खांद्यावर ठेविली. आमच्या लोकांस हें एक प्रकारचें वैराग्य वाटतें. मला त्यांत व्यवहार अधिक दिसतो. भांडारकरांचें नांव असलें म्हणजे विद्यापीठाच्या विद्वत्तेविषयीं कोणी शंका घेत नसे, आणि वर्गणीसाठीं दारोदार फिरावयाचें काम कुलपतीस करतां येत नाहीं. अल्प वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांस सेनेटचे सभासद निवडण्याचा अधिकार दिलेला होता. त्यामुळें विद्यापीठाचा मालक कोणी एक नव्हता; चाळींत राहणारा कारकूनहि आपल्या परीनें त्याचा धनी होता.

परंतु चार आठ आण्यांनीं आणि पांच दहा रुपयांनीं विद्यापीठ चालत नाहीं. येथें सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांचा प्रवेश होतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचे हे मालक. व्यापारांत व कायदेकौन्सिलांत वजनदार. जगप्रवासांत त्यांनीं टोकियोचें तेंच स्त्रियांचें विद्यापीठ स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. कर्व्यांच्या हातीं जी गोष्ट पुस्तिकेंतून आली, ती ठाकरसींनीं प्रत्यक्ष इमारती, वर्ग आणि मुली यांच्या रूपानें पाहिली. परत आल्यावर १९२० सालीं त्यांनीं विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये देऊं केले.

पंधरा लक्ष म्हणजे काय, हें आजच्या कोटींच्या भाषेंत समजावयाचें नाहीं. शेंकडा साडेतीन दरानें त्याचें वार्षिक व्याज बावन्न हजार पांचशें रुपये होतें, आणि हीच रक्कम वर्षास विद्यापीठाच्या हातीं पडावयाची होती. वर्गणीच्या जमाखर्चावर चालणाऱ्या संस्थेला एकदम नदीचा पाट मिळावा तसें हें झालें.

पाटाबरोबर अटीहि आल्या. विद्यापीठास ठाकरसींच्या मातोश्रींचें नांव द्यावयाचें, ही एक. तेव्हांपासून तें श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झालें. विद्यापीठाचें ठाणें शक्य तितक्या लवकर मुंबईस न्यावें, ही दुसरी. पुण्याच्या लोकांच्या मनाला ही अट किती झोंबली असेल! हिंगण्याच्या माळावर, चिखलांतून पायीं जाऊन, एका माणसानें उभें केलेलें काम. तें आतां गिरणीमालकाच्या शहरांत जावयाचें. तरी कर्व्यांनीं दोन्ही अटी मान्य केल्या. मातृभाषेच्या माध्यमाला मात्र या देणगीनें धक्का लागला नाहीं.

मला वाटतें, कर्व्यांचें सारें चातुर्य येथें एकवटलें आहे. नांव देण्यानें मुलीच्या शिक्षणांत काडीचा फरक पडत नव्हता; शिवाय तें नांव एका बाईचें होतें. जागा बदलल्यानें पुणेकरांस दुःख झालें असेल, पण मुंबईच्या मुलींस लाभ होता. माध्यम बदललें असतें, तर विद्यापीठ काढण्याचें कारणच उरलें नसतें. काय विकाऊ आहे आणि काय नाहीं, याचा हिशेब या गणिताच्या प्राध्यापकानें देणगीदार दारांत येण्यापूर्वींच करून ठेविला होता.

असें असूनहि सर्व सुरळीत झालें, असें समजूं नये. विठ्ठलदास १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या पश्चात् देणगीच्या विश्वस्तांशीं विद्यापीठाचे मतभेद झाले, वार्षिक रक्कम कांहीं काळ थांबली आणि शेवटीं तडजोडीनें तें प्रकरण मिटलें. १९३६ सालीं विद्यापीठाचें ठाणें मुंबईस गेलें. दात्याचें मन आणि दात्याचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाता जिवंत आहे तोंपर्यंत त्याचें मन बोलतें. पुढें फक्त कागद बोलतो.

परदेशचे दौरे कर्व्यांनीं एकाहत्तराव्या वर्षीं आरंभिले. १९२९ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत मॅल्व्हर्न येथें प्राथमिक शिक्षकांची परिषद, मग जिनीव्हा, मग डेन्मार्कांत एल्सिनोर येथें नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचा मेळावा, मग बर्लिन, जेथें ते आइन्स्टाइन यांस भेटले, आणि पुढें अमेरिका. परततांना टोकियोचें विद्यापीठ त्यांनीं अखेर स्वतः पाहिलें. ज्या पुस्तिकेवर सारा डोलारा उभारला, तिच्यांतली इमारत तब्बल चौदा वर्षांनीं दृष्टीस पडली! घरीं येऊन वर्ष पुरें होण्याच्या आंतच, १९३० च्या डिसेंबरांत, ते आफ्रिकेस निघाले : मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका. या दौऱ्याची हकीगत मला युरोपच्या परिषदांपेक्षां अधिक आवडते. युरोपांत व्यासपीठें होतीं; आफ्रिकेंत दुकानदार, कारकून आणि कंत्राटदार असे आपले देशबंधु होते. घरापासून हजारों मैलांवर पोट भरणाऱ्या या माणसांनीं, ज्या विद्यापीठांत त्यांच्या मुली कदाचित् कधींच जाणार नव्हत्या, त्यासाठीं खिशांत हात घातला.

आतां तिसरें दार, सरकारचें.

आरंभीं कर्व्यांनीं या दारावर मुद्दाम थाप मारली नाहीं. सरकारी सनद घ्यावयाची म्हणजे सरकारी विद्यापीठांचें माध्यम आणि त्यांचेच अभ्यासक्रम घेण्याची पाळी येण्याचा संभव. आणि सनदेवांचून चालवावयाचें म्हणजे पदवीला बाजारांत मोल नाहीं. त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. त्याचा परिणाम असा झाला कीं १९१६ पासून पुढें तीन तपें या विद्यापीठाची पदवी सरकारच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नव्हती. स्वराज्य आल्यावर मुंबई सरकारनें १९४९ सालीं कायदा केला आणि १९५१ सालीं विद्यापीठास रीतसर मान्यता मिळाली. पहिल्या कुलगुरु झाल्या प्रेमलीलाबाई ठाकरसी, विठ्ठलदासांच्या पत्नी. कर्वे त्या वेळीं त्र्याण्णव वर्षांचे होते. आणि अर्ध्या शतकापूर्वीं ज्यांना वाळींत टाकण्याच्या गोष्टी होत होत्या, त्यांना पुढें १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, भारतरत्न ही पदवी मिळाली. सरकारी यादींतली पदवी, असें माझी आत्या म्हणे.

आत्यानें अण्णासाहेबांविषयीं वावगा शब्द कधीं काढला नाहीं. मी लहानपणीं एकदां तिला विचारलें होतें, कीं तूं सरकारमान्य कॉलेजांत कां गेली नाहींस? ती म्हणाली, “तेथें मला कोणी पाठविलेंच नसतें.” हें उत्तर मी पुष्कळ वर्षें पुरेसें मानलें. आतां मानीत नाहीं. मातृभाषेबद्दल कर्व्यांचा आग्रह बरोबर होता, असेंच माझें मत आहे. परंतु त्या आग्रहाची किंमत चुकविली कोणी? ठाकरसींनीं पंधरा लक्ष दिले, त्यांचें नांव दारावर आहे. आफ्रिकेंतील दुकानदारांनीं शिलिंग दिले. माझ्या आत्यानें आणि तिच्यासारख्या शेंकडों बायकांनीं दर महिन्याच्या पगारांतून फरक दिला; देणगीदारांच्या कोणत्याहि यादींत ही वर्गणी लिहिलेली नाहीं. कर्व्यांसारख्या निःस्पृह पुरुषाच्या हातूनहि ही गोष्ट झाली. मग इतरांविषयीं काय बोलावें!

आमच्या कारखानदारी टापूंत तिघांनीं मिळून काम उभें करण्याची रीत नवी नाहीं. पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ सालीं सरकारनें काढला तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें. मात्र तेथें निघणारा माल औषधाचा होता. बाटलीवरचा शिक्का खरा आहे कीं खोटा, हें प्रयोगशाळा सांगूं शकते. पदवीच्या कागदाची परीक्षा होण्यास माणसाचें निम्में आयुष्य जातें.

आजच्या कुलगुरूंस कर्व्यांप्रमाणें दारोदार फिरावें लागत नाहीं, पण झोळी सुटलेली नाहीं. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यानें उद्योगांशीं आणि परदेशी संस्थांशीं संबंध जोडणें हें विद्यापीठाच्या नेहमींच्या कामांतच घातलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवी देण्याचे नियम केले, आणि २०२३ सालीं परदेशी विद्यापीठांना येथें शाखा काढण्याची वाट मोकळी केली. पाहुण्यांचीं शिष्टमंडळें येतात, शाली पडतात, करारावर सह्या होतात, छायाचित्रें छापून येतात. किती करार झाले हा आंकडा वार्षिक अहवालांत असतो. त्यांपैकीं एखादा करार सही न करतां परत पाठविला, अशी नोंद मीं अजून कोठें वाचलेली नाहीं. असल्यास वाचावयास मला फार आवडेल.

आणि योगायोग पाहा. २०२१ सालीं आमच्याच निगडी येथील एका महाविद्यालयास संगणकाची अभियांत्रिकी मराठींतून शिकविण्याची परवानगी मिळाली. कर्व्यांनीं १९१६ सालीं सनदेवांचून जें केलें, तें आतां सनदेसह करतां येतें. वर्गांत समजलेली विद्या मुलाखतीच्या खोलींत चालेल का, ही धास्ती मात्र तेथल्या मुलांच्या आईबापांस असणारच. ती धास्ती खोटी म्हणून उडवून लावणाऱ्यांत मी नाहीं. आमच्या घरांत तिचा पुरावा पेटींत आहे.

तर शेजारच्या मुलीकडे वळतों. दुसऱ्या दिवशीं मीं तिला आत्याचा कागद दाखविला. ‘गृहीतागमा’ हा शब्द तिनें दोनदां वाचला, अर्थ विचारला, आणि मग आपल्या योजनेचा कागद पुढें ओढून पेन्सिलनें तीन ठिकाणीं खुणा केल्या. पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नांवानें मिळणार आणि तिला कोणाची मान्यता आहे, ही पहिली खूण. मधेंच कारखान्यानें योजना बंद केली, तर उरलेली फी कोण भरणार, ही दुसरी. आणि परदेशांतल्या महिन्यांत जें शिकावयाचें, त्याचे गुण येथें धरले जातील का, ही तिसरी. या खुणा तिच्या तिनेंच केल्या. मीं फक्त चष्मा पुसला.

तिनें हे तीन प्रश्न कारखान्याच्या आणि विद्यापीठाच्या कचेरींत लेखी दिले. पहिल्याचें उत्तर आठवड्याभरांत आलें आणि तें समाधानकारक आहे. तिसऱ्याचेंहि आलें. दुसऱ्याविषयीं “विचाराधीन आहे” असें कळविण्यांत आलें आहे. नांव नोंदविण्याची मुदत या महिनाअखेर संपते. काल संध्याकाळीं ती पुन्हां येऊन गेली. सही अजून केलेली नाहीं, म्हणाली. आणि तिच्या बरोबरीच्या आणखी चौघींनीं आतां तोच प्रश्न लेखी दिला आहे.